सासूबाईंचा तांब्या आणि आमचा कुत्रा

पहिल्यांदा ओलं सापडलं ते माझ्या शिलाई मशीनच्या पायाशी. मला वाटलं पाण्याची बाटली कलंडली असेल. पायानेच एक चिंधी ओढली, पुसलं आणि पुन्हा ब्लाऊजच्या बाहीला लागले. मग नाकाला कळलं. चिंधी उचलून हुंगली आणि बसल्या जागी ओरडले, "अरे मेल्या!"

कुत्रा दारात बसला होता. माझ्याकडे बघून त्याने कान पाडले आणि मान अशी फिरवली की जणू गल्लीत काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. मी चिंधी हातात धरून तशीच उभी राहिले. राग आला होता, पण त्याहून जास्त धक्का बसला होता. कारण हा कुत्रा घरात कधी, कधी म्हणजे कधीच, घाण करत नव्हता.

आमच्याकडे मालेगावात कुत्री असतात ती अंगणात किंवा शेतात. घरात कुत्रं म्हटलं की लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. हा नवऱ्याला शेतात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात सापडला होता, डोळे नुकते उघडलेला. थंडीचे दिवस होते, म्हणून मी त्याला पोत्यात गुंडाळून स्वयंपाकघरात घेतला. सासूबाई तेव्हाच बोलल्या होत्या, "राहू दे. पन ज्या दिशी घरात मुतला, त्या दिशी शेतात." त्यांचं बोलणं असंच, मधे श्वास नाही. मग मी त्या पिल्लाच्या मागे हात धुऊन लागले. दूध प्यालं की उचलायचं आणि मागच्या अंगणात शेवग्याखाली ठेवायचं, झोपून उठलं की पुन्हा शेवग्याखाली. महिन्याभरात गडी शिकला. मागच्या दाराला पंजा घासायचा, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर येऊन माझा पदर ओढायचा.

एकदा आम्ही सगळे कामरगावला लग्नाला गेलो. येताना जीप बिघडली आणि घरी पोचायला दुसरी सकाळ झाली. हा घरात कोंडलेला. कुलूप काढलं तसा माझ्या पायांमधून सुसाट निघाला आणि शेवग्याखाली इतका वेळ पाय वर करून उभा राहिला की सासूबाईंनासुद्धा हसू आवरेना. घरात मात्र एक थेंब नव्हता. हे मी गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगितलंय, मापं घेता घेता सांगितलंय. माणसाच्या पोरांचं कुणी इतकं कौतुक करत नाही. आणि आता हे असं.

दोन दिवसांनी फ्रिजच्या कोपऱ्यात. मग दिवाणाखाली. मग मधल्या खोलीच्या दाराशी.

सासूबाई चिडतील, आकाशपाताळ एक करतील म्हणून मी आधीच कंबर कसून बसले होते. पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्या उठल्या, देवघरातून पितळी तांब्या घेतला आणि शेजारी गेल्या. शेजारच्यांच्या दावणीला गाय आहे. सकाळी गाय उठून उभी राहिली की सासूबाई तिच्या मागे तांब्या धरून थांबतात. वर्षानुवर्षांची सवय. सणवाराला, सुतक फिटल्यावर, घरात काही विटाळ झाला की ताजं गोमूत्र आणायचं आणि तुळशीच्या पानाने शिंपडायचं. बाटलीतलं त्यांना चालत नाही. "बाटलीतलं कोन्या गाईचं हाये, कोनाले ठाव?" तर त्या तांब्या घेऊन आल्या, मी फिनेलने पुसलेल्या त्या जागी बसल्या आणि तुळशीचं पान बुडवून बुडवून, ओठात काहीतरी पुटपुटत, चारी बाजूंनी शिंपडलं.

"झालं पवित्र," म्हणाल्या.

मला तर उलट बरं वाटलं. म्हटलं, बाई ओरडत नाही, शिव्या देत नाही, शेताचं नाव काढत नाही, तेवढ्यावर भागतंय. जिथे जिथे कुत्र्याने केलं तिथे तिथे मी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिंपडायच्या. आमची दोघींची जोडी चांगलीच जमली होती.

पण कुत्रा काही थांबेना.

मी नवऱ्याला म्हटलं, याला काहीतरी झालंय, दवाखान्यात न्या. तो म्हणाला, "म्हशीले नेतात, बैलाले नेतात. कुत्र्याले कोन नेते वो?" मी म्हटलं, आपण नेतो. मग मोटारसायकलवर पुढे नवरा, मागे मी आणि मधे कुत्रा, अशी आमची वरात निघाली. जनावरांच्या दवाखान्यात एक शेळी पोट फुगून पडलेली, एक गोऱ्हा आणि त्यांच्यामागे आम्ही. डॉक्टर आपल्याच भागातले, तरुण. आमचा नंबर आला तसे हसले. पण तपासलं नीट. पोट दाबलं तर कुत्रा कळवळला. "पानी जास्त पेते का? थोडं थोडं मुतते?" मी हो म्हटलं. "लघवीत जळजळ होऊन राह्यली त्याले. त्याच्या हातात नव्हतं ते. गोळ्या देतो, संपेपर्यंत द्या."

मी सासूबाईंना घरी आल्या आल्या सांगितलं. "आई, त्याची चूक नाही. आजार हाये."

"मंग बरा होईल," त्या म्हणाल्या. एवढंच.

गोळ्या मी लोण्यात दडवून दिल्या. आठवड्याभरात फरक पडला. पाणी कमी प्यायला लागला, शेवग्याखाली पहिल्यासारखा ऐटीत उभा राहायला लागला, पोट दाबलं तरी काही नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच दुपारी त्याने फ्रिजच्या कोपऱ्यात पाय वर केला.

आणि आता त्याची तऱ्हाच वेगळी होती. आधी बसल्या जागी तळं व्हायचं, बिचारा स्वतःच घाबरून बाजूला व्हायचा. आता तसं नव्हतं. सकाळी सासूबाईंचं आवरून झालं की हा सगळ्या घरातून एक फेरी मारायचा. जमिनीला नाक लावून फ्रिज, दिवाण, मशीन, मधल्या खोलीचं दार. प्रत्येक ठिकाणी हुंगायचा, पाय वर करायचा, चार थेंब टाकायचा आणि पुढे. घाईत नाही, घाबरून नाही. अगदी कामावर आलेल्या माणसासारखा. मी बघत राहायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आता कसला रे आजार तुला? आता काय सोंग?

माझं बसणं बंद झालं. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तोंडावर आलेल्या. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडे, साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे. आणि मी अर्धी बाही शिवली की उठायची. कुठे गेला? काय करतोय? मशीन थांबलं की घरातला प्रत्येक आवाज ऐकू यायचा. नखांची टिकटिक झाली की मी पळाले. टिकटिक थांबली तरी मी पळाले, कारण थांबली म्हणजे पाय वर झाला असणार. नाक तर असं झालं होतं की जेवताना भाकरीचाही वास घेऊन बघायची. नवरा म्हणाला, "कुत्र्यापेक्षा जास्त तूच हुंगून राह्यली घरात." मी हातातला झाडू त्याच्या दिशेने भिरकावला. लागला नाही.

मग साडीचं झालं. वरच्या आळीतल्या एका बाईने फॉल लावायला हिरव्या काठांची साडी दिली होती, महालक्ष्मीलाच नेसवायची. मी ती मशीनशेजारी टोपलीत ठेवली. टोपली जमिनीवर. पुढचं सांगायला नको. ती बाई आली तेव्हा मी साडी धुऊन दोरीवर टाकली होती आणि खरं ते सांगितलं. खोटं बोलून पचलंही नसतं, खोलीला वास होता. तिने नाकाला पदर लावला, ओली साडी पिशवीत कोंबली आणि शिवायला दिलेले दोन ब्लाऊजपीसही उचलले. म्हणाली, "देवाची साडी होती वो बाई." जाताना दारातल्या कुत्र्याला वळसा घालून गेली. त्याने तिच्याकडे बघून शेपूट हलवलं. मला रडूच फुटलं.

सासूबाईंनी हे सगळं आतून ऐकलं होतं.  त्यांनी काय केलं, तर मधली खोली महालक्ष्म्यांसाठी काढायला घेतली. सामान बाहेर, जाळी काढली, फरशी घासली. आणि मग सगळ्या खोलीत, भिंतीच्या कडेने, कोपऱ्या कोपऱ्यात, जिथे महालक्ष्म्या उभ्या राहतात त्या जागी तर दोनदा, तांब्या रिकामा होईपर्यंत शिंपडलं. दार लोटून घेतलं. पण आमच्या त्या दाराला कडी नीट बसत नाही.

दुपारी त्यांची किंकाळी ऐकून मी धावले. कुत्रा त्या खोलीत, बरोबर त्या जागी, पाय वर करून. चार थेंब नाही, भरपूर. आणि सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी महालक्ष्म्यांचं एकही वर्ष चुकवलेलं नाही. घरात काही वाकडं घडलं की त्यांचं मन पहिल्यांदा त्याच तीन दिवसांकडे जातं, कुठे काय राहिलं, कुठे काय विटाळलं. बाकीच्यांना ती रीत असेल, त्यांच्यासाठी तो घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

"आता नाही," त्या म्हणाल्या. "आता शेतात धाडा त्याले."

"आई, बिमार होता तो."

"होता. गोळ्या खाल्ल्या. आता माजला."

"इतकी वर्षं घरात राह्यलेलं जनावर हाये. शेतात रानडुकरं येतात. रोह्यायचे कळप येतात. त्याले काय ठाव बाहेरचं?"

"मी म्हनून राह्यली ते ऐकू येते का तुले? ह्या जागेवर मी देव कसे बसवू, सांग."

 नवऱ्याकडे पाहिलं तर तो छताकडे बघत होता. आई आणि बायको समोरासमोर आल्या की हा माणूस घर कुठे गळतंय का ते तपासतो.

त्याने दोन-चार दिवस चालढकल केली, मोटारसायकलमध्ये पेट्रोल नाही, शेताच्या रस्त्याला चिखल आहे, असलं काहीबाही. तेवढ्या दिवसांत सासूबाई काठी घेऊन दाराशी बसल्या. कुत्र्याने उंबरठ्यावर पाय ठेवला की काठी जमिनीवर आपटायची, "भायेर!" त्याला एकदाही लागली नाही. लागायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी तो गोंधळला, माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी बोललेही, पण ते सासूबाईंशी. दुसऱ्या दिवशी तो पाय उचलायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. तिसऱ्या दिवसापासून उंबरठ्याकडे आलाच नाही. अंगणात पाऊस आला तरी ओट्याच्या कडेला अंग चोरून बसला. लवकर शिकतो तो. लहानपणापासूनच.

मग नवरा त्याला घेऊन गेला. आमचं शेत रिठदच्या अंगाला, आडरस्त्याला. तिथे सालदार, म्हणजे आमचा वर्षाचा गडी, आणि त्याची बायको राहतात, पत्र्याचा कोठा आहे. कोठ्यासमोर खांबाला बांधून आला. मी विचारलं, मागे लागला का? नवरा म्हणाला, "नाही. बसून राह्यला." आणि हातपाय धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

आता घरात कुठेही ओलं नव्हतं. आता मी निवांत बसून शिवायला पाहिजे होतं की नाही? पण बूड टिकेल तर शपथ. अर्धी बाही झाली की उठायची. फ्रिजचा कोपरा बघायची, कोरडा. दिवाणाखाली वाकायची, कोरडं. मागचं दार उघडून शेवग्याकडे बघायची. मग फोन लावायची सालदाराच्या बायकोला. "खाल्लं का त्यानं?" "नाही वो ताई. तोंड लावते अन् सोडून देते." "रात्री डुकरं आली होती का?" "आली होती. तो भुंकला नाही. नुसता बसून होता." फोन ठेवला की वाटायचं, हे मी कशाला विचारलं.

एका ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या.

महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या, तेव्हाची सकाळ. शेजारच्या गाईला ताप होता म्हणून तेच जनावरांचे डॉक्टर आले होते. मी कठड्यापाशी उभी. सासूबाई नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन गाईच्या मागे. डॉक्टरांनी सुई भरता भरता मला ओळखलं. "काय ताई, कुत्रा कसा हाये?"

मी काय सांगणार? म्हटलं, "शेतात धाडला. तुमच्या गोळ्यांनी जळजळ गेली, पन मुतनं नाही गेलं. उलट वाढलं. अन् आम्ही काय घाण ठेवली का? मी फिनेलनं पुसते, आई रोज ताजं गोमूत्र शिंपडतात."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी सासूबाईंच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. "हे? जिथं जिथं तो मुतला तिथं?"

"रोज," सासूबाई म्हणाल्या. "एक दिस नाही चुकवला."

डॉक्टर हसायला लागले. म्हणजे असे हसले की सुई बाजूला ठेवून त्यांना गव्हाणीच्या कठड्यावर बसावं लागलं. मला राग आला. मी म्हटलं, "हसता काय? आमचं जनावर तिकडं उपाशी बसलं हाये."

मग ते गंभीर झाले. सासूबाईंना म्हणाले, "आजी, तुमच्यासाठी हे पवित्र हाये, बरोबर. पन त्याले त काय समजते? नाकानं जे कळते तेवढंच. त्याले वाटते, माह्या घरात रोज सकाळी कोनतं तरी मोठं जनावर येते अन् कोपऱ्या कोपऱ्यात मुतून जाते. मंग त्यानं काय करावं? त्यानं त्याच्यावर आपलं टाकलं. की बापा, हे घर माह्यं हाये, येथं येऊ नको."

सासूबाईंनी हातातल्या तांब्यात डोकावून पाहिलं.

"पहिल्यानं बिमारीच होती," डॉक्टर म्हणाले. "पन नंतर तो घान नाही करून राह्यला आजी. घर राखून राह्यला."

सासूबाईंनी तांब्या पदराखाली घेतला आणि घराकडे निघाल्या. मी मागोमाग. माझ्या डोक्यात नुसती ठिणगी पडली होती. हसावं की रडावं, की भिंतीवर डोकं आपटावं! ज्याला आम्ही माजला म्हटलं, हाकललं, तो रोज सकाळी आमच्याच घरात आमच्यासाठी कुठल्या तरी अदृश्य जनावराशी भांडत होता. आणि त्या जनावराला रोज तांब्यातून घरात आणत कोण होतं?

"आई, आता आणते मी त्याले. आत्ताच."

"उद्या महालक्ष्म्या येऊन राह्यल्या."

"म्हनूनच! तुमी त्या खोलीत शिंपडू नका, तो काही करनार नाही. आयकलं ना डॉक्टर काय म्हनले?"

"महालक्ष्म्यायच्या जागेले गोमूत्र नाही?" त्या वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र तोच. "माह्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. मी एका कुत्र्यापायी सोडू? अन् उद्या काही इपरीत झालं घरात, त डॉक्टर येईन का सांगाले?"

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात किती भांडी आपटली ते शेजारच्यांना विचारा. पण मला हेही कळत होतं की ती बाई घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडून काही हाती लागत नाही. ते कळूनही मी भांडी आपटलीच.

महालक्ष्म्या आल्या. दारापासून पावलं काढली, मुखवटे बसवले, साड्या नेसवल्या. दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, पहाटेपासून चूल आणि गॅस दोन्ही. पाहुण्यांनी घर भरलं. मी वाढत होते, हसत होते, कुणी "कुत्रा दिसत नाही वो?" म्हटलं की "शेतात हाये" म्हणून पुढे सरकत होते. आतून मात्र जिवाला चैन नव्हती. नैवेद्य झाला, गाईचा घास काढला. सासूबाईंनी आणखी एक पान वाढायला घेतलं. पुरणाची पोळी, वर तुपाची धार. ते पान त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर धरलं.

"हे शेतात देऊन ये."

"सालदाराले मी सकाळीच सांगतलं, ते संध्याकाळी येथंच जेवाले येतात," नवरा म्हणाला.

"सालदाराले नाही," त्या म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या.

नवरा आला तेव्हा मी दारातच गाठलं. म्हणाला, खाल्ली. अर्धी. मला त्या अर्ध्या पोळीवर रात्री झोप लागली.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला उठायला जरा उशीर झाला. बाहेर आले तर सासूबाई साडी खोचून फरशी घासत होत्या. ऊन पाणी, साबणाचा चुरा, खराटा. फ्रिज सरकवलेला, दिवाण सरकवलेला. या वयात त्यांनी तो दिवाण कसा सरकवला देव जाणे. मी हातातला खराटा घ्यायला गेले तर दिला नाही.

"देवघरात शिंपडीन," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तेथं त्याचं काही काम नाही. बाकी घरात नाही शिंपडत. सांग तुह्या नवऱ्याले, आन म्हना त्याले."

मी नवऱ्याला नुसतं सांगून थांबले नाही, स्वतः त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. शेतात त्याने मला लांबून ओळखलं. भुंकला नाही, अंगावर उडी मारली नाही. खांबाला गोल गोल फिरत सुटला आणि साखळी पायात अडकून पडला. वाळला होता. मानेवर साखळीने केस गेले होते. येताना माझ्या आणि नवऱ्याच्या मधे बसून त्याने सगळ्या रस्ताभर माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती. मी नवऱ्याला म्हटलं, जरा जोरात चालवा ना. तो म्हणाला, खड्डे दिसतात का तुले?

घरी उतरला तसा बाजूच्या बोळातून थेट मागच्या अंगणात गेला. शेवग्याखाली उभा राहिला, टाक्यातलं पाणी प्याला, मातीत लोळला, कोंबडीमागे धावला. मला वाटलं, संपलं सगळं, चला. मी मागचं दार सताड उघडलं. "चल रे, आत."

तो आला. उंबरठ्याच्या बाहेर बसला. शेपूट जमिनीवर आपटत.

"अरे चल ना."

नाही. मी पोळी दाखवली. मान पुढे केली, पण पाय नाही उचलले. मी पोळी आत, दोन हात अंतरावर ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाळ गळत असताना तसाच बसून राहिला. शेवटी मीच पोळी बाहेर दिली. पुढच्या दारानेही तेच. आम्ही उंबरठ्याच्या आत असलो की तो बाहेर, तोंड आमच्याकडे. रागावलेला असता तर बरं झालं असतं. तो खुशीत होता. फक्त येत नव्हता.

आज येईल, उद्या येईल. नवऱ्याने एकदा उचलून आत ठेवला, तर पोटाला आग लागल्यासारखा उडी मारून बाहेर. मग नवऱ्यानेही नाद सोडला. मी मशीन दारापाशी सरकवलं, म्हणजे तो बाहेर आणि मी आत, मधे दोन हातांचं अंतर. शिवता शिवता बोलायची त्याच्याशी. तो ऐकायचा.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी सर आली, चांगली जोराची. तो ओट्याच्या कडेला अंग चोरून बसला, पाठ भिजत होती. मी मशीन थांबवलं आणि उठणार, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्या बाईने त्याला आजवर कधी हात लावला नव्हता, सोवळ्यात नाही आणि एरवीही नाही. त्यांनी वाकून त्याच्या मानेला धरलं, जिथे केस गेले होते तिथेच, आणि ओढलं. तो जमिनीला सपाट झाला. नखं रोवून, डोळे बंद करून. चावला नाही, गुरगुरलाही नाही. त्यांनी आणखी एकदा ओढलं. मग सोडलं.

आणि त्या खाली बसल्या, उंबरठ्यावर. कुणी उंबरठ्यावर टेकलं तर घर डोक्यावर घेणारी बाई, पाय पावसात सोडून उंबरठ्यावर बसली. त्याने त्यांचा हात चाटला. त्यांनी चाटू दिला.

"म्या जाय म्हनलं त एका शब्दात गेला," त्या त्याला म्हणाल्या. "आता म्याच ये म्हनते. मंग काहून आयकत नाही रे?"

त्याने शेपूट हलवलं आणि तिथेच, बाहेर, त्यांच्या पायांवर डोकं ठेवून भिजत राहिला.